बाई हजर झाल्या, लेकरू कुठं ठेवायचं?

मंडळी, गावच्या शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की गावाला दोनच प्रश्न पडतात. पहिला, मुलगा का मुलगी? दुसरा, बाई परत कधी येणार? दोन्हींची उत्तरं मिळाली की गाव गप्प बसतं. पण बाई परत येतात त्या दिवशी तिसरा प्रश्न उभा राहतो आणि तो कुणी विचारत नाही. त्यांचं लेकरू आज कुणापाशी आहे?

हा काही बाईंच्या घरचा खासगी मामला नाही. तुमचं पोरगं पहिलीत किंवा दुसरीत असेल तर हा प्रश्न तुमचाही आहे. कसा, ते पाहू.

आधी रजेचा हिशेब. सरकारी नोकरीतल्या महिलेला महाराष्ट्रात पूर्वी ९० दिवसांची प्रसूती रजा होती. २००९ साली ती १८० दिवसांची झाली. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही ती मिळते. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असावीत, ही अट आहे. ही रजा रजेच्या खात्यातून वजा होत नाही, पगार चालू राहतो. हे चांगलं झालं, यात वाद नाही. आज निवृत्तीला आलेल्या बाईंना विचारा. तीन महिन्यांचं तान्हं घरी ठेवून त्यांनी फळ्यापुढे उभं राहून दिवस काढले आहेत.

आता गंमत पाहा. १८० दिवस म्हणजे कॅलेंडरचे १८० दिवस. रविवार त्यातच, दिवाळी त्यातच, मे महिन्याची सुट्टीही त्यातच. आणि हे १८० दिवस संपतात केव्हा? बाळाला सहा महिने पुरे होतात तेव्हा. डॉक्टर काय सांगतात? पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको. सहा महिने झाले की वरचं खाणं सुरू करायचं. म्हणजे आपल्याकडची उष्टावण आणि बाईंची हजर व्हायची तारीख एकाच आठवड्यात येते. काहींनी तर रजेतले काही दिवस बाळंतपणाच्या आधीच घेतलेले असतात. त्यांच्या बाळाला हजर होताना सहा महिनेही झालेले नसतात. ज्या आठवड्यात लेकराला आईच्या हातचा पहिला घास हवा, त्याच आठवड्यात आई सकाळी घराबाहेर पडते ती दिवे लागायच्या वेळी परत येते.

घास काय द्यायचा, तेही ओघात सांगून टाकतो. आपल्याकडे वरणाचं पाणी पाजायची फार हौस. पाण्यानं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. घट्ट वरण आणि भात कुस्करून, वर थेंबभर तूप घालून चमच्यानं भरवावं. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावं, असंही डॉक्टर सांगतात. हे वाक्य वाचायला सोपं आहे. शाळेवर जाणाऱ्या बाईनं ते पाळायचं कसं, तिथंच सगळं अडतं.

हर्सूल ते शाळा

धरून चला, बाई छत्रपती संभाजीनगरात राहतात आणि शाळा सिल्लोड तालुक्यात आडरस्त्यावर आहे. सिल्लोडच इथून साठ-पासष्ट किलोमीटर. सकाळी हर्सूल टी पॉइंटवर उभं राहायचं. एसटी मिळाली तर एसटी, नाही तर चार-पाच जणांनी मिळून लावलेली गाडी. जळगाव रस्त्याचं काम किती वर्षं रेंगाळलं, हे या पानाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. फाट्यावर उतरलं की पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर. येताना हाच क्रम उलटा. घरातून निघाल्यापासून घरात पाय टाकेपर्यंत नऊ-दहा तास जातात. सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याचा घाट उतरून शाळा असेल तर रोजचं येणं-जाणं विसराच. पैठण त्यातल्या त्यात जवळ, पण तेही पन्नास किलोमीटर. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की काळोखात निघावं लागतं, लेकरू तेव्हा झोपेतच असतं.

दुपारी दोनच्या सुमारास पान्हा दाटतो. छाती दगडासारखी होते, ब्लाऊज ओला होतो. ज्या बायकांना हे माहीत आहे त्यांना जास्त सांगायची गरज नाही. पुरुष वाचकांनी घरात विचारावं. शाळेत आडोसा कुठे? खोल्या दोन, दोन्हींत पोरं. स्वच्छतागृहाला दार असेल तर कडी नसते. दूध काढून ठेवावं म्हटलं तर पंचवीस अंशांच्या आतल्या खोलीत ते चार तासांपर्यंत चालतं म्हणतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखाली काय तापमान असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून बहुतेक जणी ते दूध मोरीत पिळून टाकतात. इकडे दूध मातीत आणि तिकडे घरी लेकरू वरच्या दुधाच्या बाटलीला तोंड लावतं. अशानं महिन्या-दोन महिन्यांत अंगावरचं दूध आटत जातं.

आता कुणी म्हणेल, बाईंनी गावातच राहावं की! घरभाडे भत्ता मुख्यालयी राहण्यासाठीच मिळतो ना? हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यातून गाजला. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ साली विधानसभेत तो मांडला. त्यावरून शिक्षक संघटना खवळल्या, आपल्या शहरात मोर्चाही निघाला. त्या वादात कोण किती बरोबर, तो इथला विषय नाही. शिक्षकानं गावात राहिलं तर गावाचं भलंच आहे, हे प्रस्तुत लेखकालाही मान्य आहे. पण त्या सगळ्या गदारोळात सहा महिन्यांच्या लेकराची गोष्ट कुणी काढली नाही. बाई गावात खोली घेऊन राहिल्या, तरी शाळेच्या वेळात लेकरू कुणापाशी? सासूबाई शहरात किंवा त्यांच्या स्वतःच्या गावी. नवऱ्याची नोकरी तिसरीकडे. गावात भाड्यानं मिळणाऱ्या खोलीला कित्येकदा पाण्याचीच बोंब.

पूर्वी हे वेगळं होतं. बाई पाटलाच्या वाड्यात एका खोलीत राहायच्या. मालकीणबाईच्या ओसरीवर पाळणा असायचा, नाही तर शाळेतच खिडकीच्या गजाला झोळी. मधल्या सुट्टीत बाई येऊन पाजून जायच्या. चौथीतली थोराड पोरगी झोळीला झोका द्यायची, म्हणजे तिचा अभ्यास बुडायचा. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं काही नाही. पण गावानं लेकरू सांभाळलं, एवढं खरं.

तुमच्या पोराचं काय होतं

आता तुमच्या बाजूनं बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या किती तरी शाळा अशाच दोनशिक्षकी आहेत. त्यातल्या एक बाई रजेवर गेल्या की उरले एकटे सर. पहिली ते चौथी त्यांच्याच गळ्यात. पंचायत समितीत बैठक लागली तर त्या दिवशी शाळा खिचडीपुरती. बाईंच्या जागेवर कुणी येतंच, असा भरवसा नाही. फार तर शेजारच्या शाळेतून तात्पुरती व्यवस्था म्हणून एखादे गुरुजी येतात, तेही आठवड्यातले काही दिवस.

त्याच कायद्यानं पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस कामाचे सांगितले आहेत. बाईंची रजा जूनच्या मध्याला सुरू झाली तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत जाते. म्हणजे पहिलं सत्र पूर्ण गेलं आणि दुसऱ्याची सुरुवातही गेली. पहिलीतलं पोर बाराखडीच्या वेलांट्या-उकारांत अडकलेलं असतं, तेव्हा हात धरून गिरवून घेणारं माणूस समोर नसतं. बाईंनी हक्काची रजा घेतली, त्यात त्यांची चूक काहीच नाही. त्या रजेच्या काळात शाळा कशी चालवायची याची व्यवस्था करणं हे सरकारचं काम होतं. ते झालं नाही, म्हणून राग बाईंवर निघतो.

आणि मग बाई येतात. पोरं पाहत राहतात. “बाई, तुम्ही कुठं गेल्या होत्या?” एखादं तर ओळखतही नाही. सर त्यांच्या हातात चाव्या आणि रजिस्टरं देतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. राहिलेला अभ्यासक्रम, चाचण्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सगळं दोन आठवड्यांत भरून काढायचं. केंद्रप्रमुख साहेब भेट द्यायला येतात आणि विचारतात, वर्ग मागे का? बाईंचं अर्धं लक्ष टेबलावरच्या मोबाइलकडे असतं. घरून फोन आला तर? ताप तर नाही ना? शिकवणाऱ्या माणसाचं चित्त थाऱ्यावर नसेल तर पहिल्या ओळीतल्या पोरालासुद्धा ते कळतं. म्हणून म्हटलं, हा मामला तुमचाही आहे.

रजेची मंजुरी, सेवापुस्तकातली नोंद, हजर अहवाल यांसाठी पंचायत समितीच्या किती खेपा होतात, ते शिक्षकांच्या घरात राहणाऱ्यांना विचारावं. त्यावर वेगळा लेख होईल.

बापाची रजा

कुणी म्हणेल, लेकरू एकट्या आईचं आहे का? बापानं काय करावं? रास्त प्रश्न आहे. स्वीडनमध्ये १९७४ पासून बाळासाठीची रजा आई-बापांत वाटून घेता येते. ब्रिटननं २०१५ साली तशी सोय केली. त्याच ब्रिटनमध्ये १९४४ पर्यंत लग्न झालेल्या शिक्षिकेला घरी बसवायची रीत होती, हेही लक्षात असू द्या. म्हणजे विलायतेतही हे शहाणपण उशिरानंच आलं.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. महाराष्ट्रात २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयानं बालसंगोपन रजा आली. संपूर्ण सेवेत १८० दिवस, अपत्य अठरा वर्षांचं होईपर्यंत. राज्य सरकार, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या महिलांना ती मिळते. पुरुषाला केव्हा? बायको हयात नसेल, किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तेव्हा. म्हणजे बायको धडधाकट असेल तर बापानं लेकराकडे बघायची गरज नाही, असाच त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे बाप होणं म्हणजे दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून, मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर जिलेबी वाटणं. पेढे आणि जिलेबी हा फरकसुद्धा आता बंद करायला हरकत नाही.

ही बालसंगोपन रजा बाईंना नक्की उपयोगाची आहे. प्रसूती रजेला जोडून दुसरी रजा घेता येते. पण एका वर्षात ती घेण्याला मर्यादा आहे आणि मंजुरी अधिकाऱ्याच्या हाती. दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंचा अर्ज पुढे आला की अधिकारी विचारतो, शाळा कोण चालवणार? त्याचंही खोटं नाही. बाई गप्प बसतात. कागदावर हक्क आहे, पण वापरायला शाळेत तिसरं माणूस नाही.

नवरा-बायको दोघेही जिल्हा परिषदेत शिक्षक असतील तर बदलीत त्यांना जवळ आणायची सोय आहे. दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर ते त्या संवर्गातून अर्ज करू शकतात. २०१७ पासून बदल्या ऑनलाइन झाल्या, त्यामुळे वशिल्याला थोडा तरी लगाम बसला. पण बदल्या होतात त्यांच्या वेळेला. लेकरू त्यासाठी थांबत नाही, ते तोवर चालायला लागलेलं असतं.

कायदा कोणासाठी?

बाळंतपणाच्या रजेचा विषय महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली होती. बाईला बाळंतपणात विसावा मिळणं ही सगळ्या समाजाच्या हिताची गोष्ट आहे, त्याचा भार समाजानं उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ साली देशाचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चारदा तिथं जाता यावं, असंही त्यात लिहिलं. परतलेल्या आईला लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद तर जुनीच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या गोष्टी आहेत.

वाळूजच्या मोठ्या कारखान्याला हे लागू. पण दोन शिक्षक, एक खिचडी शिजवणारी मावशी, एवढ्यांच्या शाळेत पन्नास माणसं कुठून आणायची? त्या शाळेत पाळणाघर कधीच येणार नाही. कायदा माणसं मोजतो आणि खेड्यातली बाई तिच्या कामाच्या जागी नेहमी एकटीच असते.

कोर्टानं मात्र एक गोष्ट स्पष्ट केली. तामिळनाडूतल्या उमादेवी नावाच्या सरकारी शिक्षिकेला दुसऱ्या लग्नातून मूल झालं. पहिल्या लग्नाची दोन मुलं आहेत, असं सांगून सरकारनं त्यांची प्रसूती रजा नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०२५ मध्ये न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. प्रसूती रजा ही स्त्रीच्या मातृत्वाच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं मानलं. रजेपर्यंत न्याय पोहोचला. रजा संपल्यानंतरचा प्रश्न मात्र तसाच उरतो.

इथे एक वाचक म्हणेल, “अहो, बाईंना सहा महिने पगार तरी मिळतो. आमची बायको बाळंतपणानंतर दीड महिन्यात कापूस वेचायला गेली, झोळी लिंबाला बांधून. तिच्यासाठी कोण लिहितं?” खरं आहे. कन्नड, सोयगाव, पैठणकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं तर त्याहून अवघड. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये हातात पडले, तरी त्यानं लेकरू सांभाळणारं माणूस मिळत नाही. पण मंडळी, बाईंचा प्रश्न आणि त्या वावरातल्या माउलीचा प्रश्न एकच आहे. दोघींच्या लेकरांना दिवसभर बसायला गावात जागा नाही. जागा झाली तर ती दोघींसाठी होईल.

जागा कुठे?

अंगणवाडी आहे की! १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, आज गावोगावी अंगणवाडी उभी आहे. पण तिथं रोज येऊन बसायचं ते तीन वर्षांपुढच्या मुलांनी. सहा महिने ते तीन वर्षं या वयातल्या मुलांना घरपोच आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. नेमकं जे वय सांभाळायला सगळ्यांत जड, तेच बाहेर राहिलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या, तेव्हा त्यांनी मुलाला शाळेपर्यंत ओढत आणलं नाही. शाळाच मुलाच्या अंगणात नेली. तीच अंगणाची कल्पना आणखी अडीच वर्षं खाली आणायची आहे.

यासाठी आता सरकारची योजनाही आहे. मिशन शक्तीखाली २०२२ पासून ‘पाळणा’ योजना सुरू झाली. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, वेगळी सेविका ठेवून. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई मजुरी देऊन ठेवायची तरतूद होती. ती किती ठिकाणी पाळली गेली, हे कामावर गेलेल्यांनाच विचारा. योजना कागदावरून गावात आणायला गावानं मागणी करावी लागते, ती आपोआप येत नाही.

मागणी करायची कशी? दोन दारं आहेत. एक, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. शाळेत एक कोपरा पडदा लावून, आत एक खुर्ची आणि पाण्याची कळशी ठेवून आडोसा करायचा, एवढं तर समिती पुढच्या बैठकीत ठरवू शकते. मधल्या सुट्टीत बाई तिथं बसतील, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींची सून आली तर तीही बसेल.

दुसरं दार ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दरवर्षी त्यातून काय घेतलं, हे कधी विचारलंय का? शिलाई मशीन, सतरंज्या, भांडी. एकदा त्यातून दोन पाळणे, एक पंखा आणि गावातल्याच एखाद्या जाणत्या आजीला महिन्याचं मानधन, असा ठराव मांडून बघा. लेकरं चार असोत की सहा, त्यांत बाईंचं एक आणि वावरात जाणाऱ्यांची बाकीची. असं झालं तर बाईंना मुख्यालयी राहा म्हणायला गावाला तोंड राहील. बाईही राहायचा विचार करतील, कारण लेकरू शाळेपासून हाकेच्या अंतरावर असेल.

ठराव ग्रामसभेतच मांडावा. १५ ऑगस्टच्या सुमाराची सभा हाताशी असते. विषय आधी लेखी द्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (तुमच्या तोंडी अजून ग्रामसेवकच असेल), आणि पोच घ्या. सभेत बायका पुढे बसतील असं बघा. ‘पाळणा’साठीची मागणी ठरावाच्या नकलेसह पंचायत समितीतल्या बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यायची. अर्जात गावातल्या तीन वर्षांखालच्या मुलांची संख्या लिहा. अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरला ती असते. किती आया रोज कामाला जातात तेही लिहा आणि त्या यादीत शाळेच्या बाईंचं नाव घालायला विसरू नका.